पिंगुळीचे सूत्रधार : परशुराम गंगावणे आणि ठाकरांची चित्रकथा

ईश्वर आणि जीव यांचा संबंध सामान्य जनांस समजावून सांगण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी जे दृष्टान्त योजिले, त्यांत बाहुल्याचा दृष्टान्त फार जुना आहे. सर्वांच्या हृदयात वसणारा ईश्वर यंत्रावर चढविल्याप्रमाणे भूतमात्रांस आपल्या मायेने फिरवितो, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. ज्ञानदेवांनीही दोरीवर हालणाऱ्या बाहुल्याची उपमा ज्ञानेश्वरीत योजिली आहे. राजशेखराच्या ‘बालरामायण’ नाटकात तर सीतेची बोलकी बाहुली रंगभूमीवर येते. नाटकाच्या प्रमुखास आपण सूत्रधार म्हणतो, त्या शब्दाचे मूळही बाहुल्यांची सूत्रे हाती धरणाऱ्या खेळ्यामध्ये असावे, असे मत काही विद्वानांनी मांडलेले आहे. हे सर्व आपण प्रवचनांत ऐकतो आणि ग्रंथांत वाचतो. परंतु ज्या खेळावरून हे दृष्टान्त घेतले गेले, तो खेळ प्रत्यक्ष पाहिलेले श्रोते आता प्रवचनमंडपात किती निघतील? दृष्टान्त टिकला आणि त्याचा आधार मात्र नाहीसा होऊ लागला, अशी ही अवस्था आहे.

हा आधार नाहीसा होऊ नये म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांमध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावचे श्री. परशुराम आत्माराम गंगावणे यांचे नाव अग्रभागी येते. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कलांचे ते परंपरागत वारसदार आहेत. तथापि केवळ वारसा मिळाला म्हणून त्यांची थोरवी नव्हे. वारसा अनेकांस मिळाला होता. ज्या काळात तो टाकून देणेच शहाणपणाचे वाटत होते, त्या काळात त्यांनी तो सांभाळला, दुसऱ्यांस शिकविला आणि त्यास स्वतःच्या घरी हक्काची जागा करून दिली. त्यांच्या या कार्याचे मोल कळण्यासाठी प्रथम त्या कलेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याची प्रथा आपल्या देशात अत्यंत प्राचीन आहे. परलोकीच्या शिक्षा चितारलेला यमपट घेऊन फिरणाऱ्यांचे वर्णन बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त येते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर निपुणक असाच यमपट घेऊन घरोघर हिंडतो आणि शत्रूच्या गोटातील बातमी काढून आणतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा स्पष्ट उल्लेख आहे. हे कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषांच्या संगमावरील या राजधानीत चित्रकथकास मान होता, ही गोष्ट सीमाभागातील आणि हैदराबादकडील वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

पिंगुळीचे ठाकर या प्राचीन परंपरेचे दक्षिण कोकणातील वारसदार होत. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, छायाबाहुल्या, राधानृत्य, पांगुळ बैल, गोंधळ अशा अकरा कला आपल्या समाजात पिढ्यानुपिढ्या चालत आल्या, असे ठाकर मंडळी सांगतात. आपले पूर्वज गावोगाव खेळ करीत आणि त्या निमित्ताने शिवछत्रपतींसाठी बातम्या आणीत, अशीही कथा त्यांच्यात प्रचलित आहे. निपुणकाची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही समजूत मुळीच नवलाची वाटणार नाही. जो सर्वांच्या अंगणात बसतो आणि ज्याचा कोणास संशय येत नाही, त्याच्या कानी सर्व काही पडते.

या कलावंतांस खरा स्थिर आश्रय मिळाला तो सावंतवाडीच्या सावंत-भोसले राजांचा. या राज्याचा विस्तार पूर्वी आजच्या गोव्यातही होता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती गेले, तोपर्यंत ते सावंतांच्याच अंमलाखाली होते. म्हणून या परंपरेस केवळ एका जिल्ह्याची म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. राजाश्रयाची पद्धत मोठी दूरदर्शीपणाची होती. निरनिराळ्या ठाकर कुटुंबांकडे निरनिराळ्या गावांतील देवळे नेमून दिलेली असत. आपल्या वाट्याच्या देवळात ठरलेल्या उत्सवास जाऊन कथा लावणे हा त्या कुटुंबाचा मान असे आणि तेच त्याचे कर्तव्यही असे. गावाने त्यांचा सन्मान करावा आणि त्यांनी देवापुढे कथा सांगावी, अशी ही परस्परांची बांधिलकी होती. त्यामुळे कलावंतास दारोदार याचना करावी लागत नसे, आणि गावालाही रामायण-महाभारताची उजळणी वर्षातून एकदा तरी घडत असे.

आता या कलेचे स्वरूप पाहू. चित्रकथीच्या चित्रसंचास ‘पोथी’ असे म्हणतात. एका पोथीत एक आख्यान असते. सुमारे एक फूट उंच आणि त्याहून थोडे अधिक रुंद अशा कागदांवर प्रसंग रंगविलेले असतात. दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटविलेले असल्यामुळे प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. आरंभी गणपती आणि सरस्वती यांची चित्रे दाखवून वंदन करावयाचे आणि मग आख्यानास हात घालावयाचा, असा क्रम असतो. कथेकऱ्याच्या हाती वीणा असते, एक साथीदार हुडुक वाजवितो, दुसरा टाळ धरतो. एकेक चित्र समोर येते आणि त्या चित्रातील पात्रांच्या तोंडचे संवाद, गाणी व निरूपण कथेकरी एकट्याच्या आवाजात उभे करतो. चित्रांतील माणसे बहुधा एका बाजूने दाखविलेली असतात. त्यांचे डोळे मोठे आणि टपोरे असतात, पागोटी व वस्त्रे मराठी वळणाची असतात. पार्श्वभूमीला झाडे-डोंगर फारसे नसतात, कारण ते उभे करण्याचे काम शब्दांचे असते. आज उपलब्ध असलेली जुनी चित्रे मुख्यत्वेकरून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. या पद्धतीची चित्रे पैठणच्या बाजूसही मिळाल्यामुळे कित्येक वर्षे त्यांस सरसकट ‘पैठणची चित्रे’ असेच नाव पडले होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा चांगला संग्रह आहे.

या पोथ्यांविषयी ठाकर समाजाची भावना देवघरातील ग्रंथासारखी होती. पोथी जीर्ण झाली, चित्रे फाटली, म्हणजे ती रद्दीत टाकावयाची नाहीत, तर शुभ दिवस पाहून पाण्यात विसर्जन करावयाची, असा प्रघात होता. मूर्तीस जो न्याय तोच पोथीस. ही श्रद्धा वंदनीय आहेच. परंतु जोवर नवी पोथी लिहिणारा हात घरात आहे, तोवरच अशा विसर्जनाने परंपरेची हानी होत नाही. नवे चितारणारा उरला नाही म्हणजे प्रत्येक विसर्जनाबरोबर एक आख्यान कायमचे जाते. गंगावणे यांच्या पिढीपुढे उभा राहिलेला प्रश्न नेमका हाच होता.

चित्रकथीच्या जोडीला ठाकरांकडे बाहुल्यांचे दोन प्रकार आहेत. कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असून त्यांना रंग व वस्त्रे दिलेली असतात. वरून बांधलेल्या दोऱ्यांनी त्या हालवितात आणि पडद्याआडून संवाद व गाणी म्हटली जातात. छायाबाहुल्या चामड्याच्या असतात. ताणलेल्या पडद्यामागे दिवा लावून त्यांची सावली प्रेक्षकांस दाखवितात आणि रामकथेतील प्रसंग उभे करतात. भारतात छायाबाहुल्यांच्या परंपरा मोजक्याच प्रांतांत टिकल्या आहेत. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र, ओरिसा आणि महाराष्ट्र हे ते प्रांत होत. यांतही एक विलक्षण गोष्ट अशी की, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या प्रांतांतील छायाबाहुल्या खेळविणारी अनेक कुटुंबे खेळ कानडी, तेलुगू किंवा तमिळ भाषेत करीत असली, तरी घरी आपसांत मराठीचीच एक बोली बोलतात. मराठ्यांच्या राज्यविस्ताराबरोबर दक्षिणेत गेलेली ही मंडळी, असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्राबाहेर राहूनही घरातली भाषा न सोडणाऱ्या मराठी माणसांस या कलावंतांची ओळख परकी वाटू नये.

सन १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाकर कलावंतांचा राजाश्रय संपला. लोकशाही आली ही इष्टच गोष्ट घडली. परंतु देवळांच्या नेमणुकीमागे असलेला राजाचा शब्द त्याबरोबर गेला. पुढे रेडिओ आला, चित्रपट आला, दूरचित्रवाणी आली. रात्रभर एका कथेकऱ्यासमोर बसण्याची सवय गावांची सुटली. ज्या घरांत पोथ्या होत्या, त्या घरांतील तरुणांनी अन्य कामधंदे धरले. काही पोथ्या पाण्यात गेल्या, काही संग्राहकांच्या हाती गेल्या. संग्राहकांनी त्या जपल्या याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. तथापि काचेच्या कपाटातील चित्र पाहणाऱ्यास त्या चित्रामागची कथा ऐकू येत नाही, हेही तितकेच खरे.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. त्याच प्रदेशात, त्याच देवळांच्या अंगणांत दशावतारी नाटके होत असत आणि ती आजही जत्रांतून होतात. दशावतारी कंपन्या आजही दक्षिण कोकणात व गोव्यात रात्री जागवितात. मग राजाश्रय जाताच चित्रकथी मागे का पडली आणि दशावतार का टिकला? दशावताराची गाठ गावाच्या जत्रेशी पडली होती. जत्रा म्हणजे दशावतार आणि दशावतार म्हणजे जत्रा, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले होते. चित्रकथीची गाठ मात्र एका कुटुंबाच्या मानाशी होती. तो मान देणारी व्यवस्था मोडली तेव्हा कथेची वाट पाहणारा गाव उरला नाही. म्हणजे कला मरते ती केवळ पैशाच्या अभावी मरत नाही. तिची वाट पाहणारे कोणी उरले नाही म्हणजे ती मरते.

परशुराम गंगावणे यांचे जीवनकार्य या सूत्राच्या प्रकाशात पाहावे. बालपणी घरातच त्यांच्या कानावर आख्याने पडली आणि हातात बाहुल्यांचे दोरे आले. वडीलधाऱ्यांबरोबर फिरून जे शिक्षण मिळते, ते कोणत्याही शाळेत मिळत नाही. परंतु त्यांनी मोठे होऊन पाहिले ते हे की, आता कोणी बोलावीत नाही. अशा वेळी बहुतेकांनी केले ते त्यांनी केले नाही. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी या कलांचे प्रयोग चालू ठेवले, गावाबाहेर नेले, परप्रांतांत दाखविले. त्याचबरोबर आपल्या समाजात उरलेल्या जुन्या चित्रांची, बाहुल्यांची आणि वाद्यांची जपणूक केली. आख्यान तेच ठेवून विषयाला नवी जोड देण्याचे धाडसही त्यांनी दाखविले. व्यसनमुक्ती, स्वच्छता, आरोग्य अशा विषयांवर बाहुल्यांचे खेळ रचून त्यांनी ते लोकांपुढे मांडले. काहींस यात परंपरेचा भंग दिसेल. परंतु पूर्वीचे कथेकरीही पुराणातील आख्यान सांगता सांगता गावच्या वर्तनावर बोट ठेवीतच असत. लोकशिक्षण हा या कलेचा मूळ धर्मच होय.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे सन २००६ मध्ये पिंगुळी येथे उभे राहिलेले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय व कलादालन. यासाठी त्यांनी कोठे भव्य इमारत मागितली नाही. घरचा गुरांचा गोठा होता, त्याचेच रूपांतर त्यांनी संग्रहालयात केले. ज्या राजांनी त्यांच्या पूर्वजांस देवळे नेमून दिली, त्यांचे दिवस सरले होते. शासनाच्या दारी वर्षानुवर्षे वाट पाहण्याइतका वेळ कलेपाशी उरला नव्हता. तेव्हा स्वतःपाशी जे होते, त्यातच त्यांनी कलेला घर दिले. जुनी चित्रे, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या आकृती, वाद्ये आणि समाजाच्या इतर कलांची साधने तेथे मांडलेली आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या आणि कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकाच्या सान्निध्यामुळे देशोदेशीचे अभ्यासक, विद्यार्थी व प्रवासी तेथे येतात.

या संस्थेच्या नावातील ‘आंगण’ हा शब्द विचारपूर्वक लक्षात घेण्यासारखा आहे. संग्रहालय म्हटले की वस्तू कपाटात आणि पाहणारा बाहेर, अशी कल्पना आपल्या डोळ्यांपुढे येते. पिंगुळीस वस्तू मांडलेल्या आहेत, पण त्याच अंगणात वीणा लागते, हुडुक वाजतो आणि चित्रांतील पात्रे बोलू लागतात. आलेल्यास चित्र पाहावयास मिळते आणि कथाही ऐकावयास मिळते. अलीकडे चित्रकथीच्या शैलीतील नव्या चित्रांस शहरांतील दिवाणखान्यांतून मागणी आली आहे. त्यामुळे चितारणाऱ्यास चार पैसे मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भिंतीवर टांगलेले एकटे चित्र म्हणजे कीर्तनकाराशिवाय उरलेला अभंगाचा कागद होय. चित्र विकले जावे, पण कथा विसरली जाऊ नये, हा समतोल राखणे सोपे नाही. पिंगुळीच्या अंगणात तो राखण्याचा प्रयत्न होतो, यातच या संस्थेचे वेगळेपण आहे. गंगावणे यांची दोन्ही मुले याच कार्यात त्यांच्यासह उभी आहेत. ज्या घरातून तरुण बाहेर पडत होते, त्या घरात पुढची पिढी पुन्हा दोरे हाती घेते, याहून मोठी फलश्रुती कोणती?

भारत सरकारने सन २०२१ च्या प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने जाहीर केलेल्या सन्मानांत त्यांस ‘पद्मश्री’ किताब दिला. त्याच यादीत केरळच्या छायाबाहुल्यांचे सूत्रधार रामचंद्र पुलवर यांचेही नाव होते. त्याच्या आदल्या वर्षी आंध्रातील चर्मबाहुल्यांचे कलावंत दळवायी चलपती राव यांस, आणि पुढे सन २०२५ मध्ये कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्याच्या वयोवृद्ध भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांस हाच मान मिळाला. कुंदापुराजवळच्या उप्पिनकुद्रू येथील सारस्वत घराण्यातील कोग्ग कामत यांनी यक्षगानाच्या कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेविल्या, म्हणून संगीत नाटक अकादमीने त्यांचा पूर्वीच गौरव केला होता. ही सर्व नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे असे दिसते की, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस आणि त्याच्या दक्षिणेस देवळाच्या अंगणात वाढलेली ही एकच विद्या होती. भाषा बदलत गेल्या, तरी रामकथा आणि भारतकथा लोकांपर्यंत पोहोचविण्याचे व्रत एकच राहिले.

सन्मानपत्रे मिळाली म्हणून कला सुरक्षित झाली, असे समजण्याचे मात्र कारण नाही. सन्मान व्यक्तीस मिळतो, पण कलेस श्रोते लागतात. वर दशावताराचे उदाहरण दिले, त्याचा बोध हाच आहे. चित्रकथी आणि बाहुल्यांचा खेळ यांचे मूळ स्थान नाट्यगृह नव्हे, परदेशातील महोत्सव नव्हे, तर देवापुढचे अंगण हेच होय. तेथूनच ही कला निघाली आणि तेथे तिला परत जागा मिळाल्याखेरीज तिचे वर्तुळ पुरे व्हावयाचे नाही. गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे आंगण केले. देवस्थानांची अंगणे तर आधीपासूनच मोठी आणि मोकळी आहेत.

म्हणून नवरात्रात, रामनवमीस, गोकुळाष्टमीस किंवा कार्तिकमासी जेथे जेथे उत्सव होतात, तेथे विजेच्या रोषणाईवर होणाऱ्या खर्चातील अल्पसा अंश बाजूस ठेवून एक रात्र चित्रकथीस किंवा बाहुल्यांच्या खेळास नेमून द्यावी, ही सूचना येथे नम्रपणे मांडावीशी वाटते. कलावंतास योग्य बिदागी द्यावी, त्याचा मान राखावा आणि मुलांस पहिल्या रांगेत बसवावे. पहिल्या वर्षी गर्दी होणार नाही. दुसऱ्या वर्षी काही मुले विचारतील की, यंदा बाहुल्या येणार ना? तो प्रश्न ज्या गावात विचारला जाईल, त्या गावात राजाने पूर्वी दिलेली नेमणूक लोकांनी पुन्हा दिली असे समजावे. गीतेतील आणि ज्ञानेश्वरीतील तो दृष्टान्तही मग त्या मुलांस विवरून सांगावा लागणार नाही, कारण दोरी कोणाच्या हाती असते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल.